तोल जातोय? दारूचा संशय घेण्याआधी आणि गहू सोडण्याआधी हे वाचा

मनमाड : आमच्या मळ्याला बांध लागून असलेले एक शेतकरी आहेत. वय पंचावन्नच्या आसपास. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, खरं नाव इथं देत नाही. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षीची वारी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी तात्यांची चाल बदलली. पाय फाकवून चालायला लागले. बांधावरून जाताना झोक जायचा. कांद्याच्या लागवडीत वाकले की वाफ्यातच बसायचे. बँकेत पैसे काढायला गेले तर सही जुळेना. बोलताना जीभ जड पडायला लागली.

मग गावात व्हायचं तेच झालं. पारावर कुजबूज सुरू झाली, "माळकरी माणूस, पण या वयात प्यायला लागला." एका लग्नात तर त्यांना कुणीतरी दंडाला धरून मांडवाबाहेर आणून बसवलं. त्या दिवसानंतर तात्या घराबाहेर पडेनासे झाले.

तात्या पीत नव्हते. त्यांना जो त्रास होता त्याला डॉक्टर लोक 'अटॅक्सिया' म्हणतात. अटॅक्सियाची कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक कारण असं आहे की ते ऐकून आपल्यासारख्या शेतकऱ्याचा विश्वासच बसत नाही. काही माणसांच्या बाबतीत रोजच्या गव्हाच्या पोळीमुळं शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. हे कारण वेळेत सापडलं तर त्यावर पथ्याचा उपाय आहे. पण तो घाईत, ऐकीव माहितीवर केला तर निदानच अडकून बसतं. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हा लेख लिहितोय.

अटॅक्सिया म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. पाय कुठं टाकायचा, हात किती पुढं न्यायचा, जीभ कशी वळवायची, हे सगळं बेतशीर ठेवण्याचं काम त्याचं. हातापायात ताकद असते, पण लहान मेंदूचं काम बिघडलं की त्या ताकदीला लगाम राहत नाही. बैल धडधाकट आहेत, पण कासरा सुटलाय, असं समजा.

म्हणून अशा माणसाची चाल दारू प्यायल्यासारखी दिसते. यात योगायोग नाही. दारू चढल्यावर जो झोक जातो, तोही लहान मेंदूवर परिणाम झाल्यामुळंच. फरक इतकाच की दारू सकाळी उतरते, अटॅक्सिया उतरत नाही.

ही लक्षणं बघा : पाय फाकवून चालणं, वळताना तोल जाणं, अंधारात किंवा उंचसखल जागी जास्त त्रास, बटण लावताना किंवा सुईत दोरा ओवताना हात चुकणं, अक्षर बिघडणं, बोलणं जड किंवा तुटक होणं, नजर स्थिर न राहणं.

कारणं वेगवेगळी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, बरीच वर्षं केलेली दारू, फिट्सच्या काही गोळ्यांचं प्रमाण जास्त होणं, मेंदूतली गाठ, घराण्यातून आलेला दोष. यातल्या काही कारणांवर साधा उपाय असतो, त्यामुळं "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून घरी बसणं चूक आहे. आणि तोल अचानक, काही तासांत गेला, सोबत उलटी, डोकेदुखी, तोंड वाकडं होणं असं काही असेल तर तो लकवा असू शकतो. तेव्हा वाट बघायची नाही, लगेच १०८ ला फोन करायचा.

गव्हात असं काय आहे?

लहानपणी हरबऱ्या-गव्हाच्या दिवसात शेतात जाऊन आपण सगळ्यांनी गव्हाचे दाणे तोंडात टाकून चावले आहेत. चावत राहिलं की पिठूळपणा निघून जातो आणि तोंडात चिंगम उरतं. ते चिंगम म्हणजेच ग्लुटेन. गव्हातलं चिवट प्रथिन.

दुसरी खूण आपल्या स्वयंपाकघरातली. गव्हाची पोळी लाटता येते, पण बाजरीची भाकरी थापावी लागते. का? कणीक मळली की ग्लुटेनची जाळी तयार होते, ती ताणली तरी तुटत नाही. बाजरीत, ज्वारीत ही जाळी नाही, म्हणून पीठ ताणलं की तुटतं. बाजरीची भाकरी करणाऱ्या आपल्या आयाबायांना ग्लुटेन हा शब्द माहीत नसेल, पण कोणत्या पिठात ते आहे आणि कोणत्यात नाही, हे त्यांच्या हाताला पक्कं माहीत आहे.

ग्लुटेन गव्हात असतं, तसलीच प्रथिनं जवामध्ये आणि राय नावाच्या परदेशी धान्यात असतात. बहुतेक माणसांना त्याचा काहीही त्रास नाही. ही गोष्ट ठळक सांगतो, कारण आजकाल गहू म्हणजे विष असे व्हिडिओ फिरतात. ते खोटं आहे. ज्याला त्रास नाही त्यानं पोळी खुशाल खावी. निफाडजवळ कुंदेवाडीला आपल्याच जिल्ह्यात गहू संशोधन केंद्र आहे, आपले कित्येक शेतकरी गहू पिकवतात, त्यांना उगाच दोषी ठरवण्याचं कारण नाही.

राखणदार मालकालाच चावतो

आपल्या रक्तात अँटिबॉडी नावाचे राखणदार असतात. बाहेरचा जंतू आला की त्याला ओळखून धरायचं, हे त्यांचं काम. काही माणसांच्या शरीरात हे राखणदार ग्लुटेनमधल्या ग्लायडिन नावाच्या भागालाच चोर समजतात. तिथपर्यंतही ठीक. पण पुढं ते आपल्या शरीरातल्याच एका घटकावर भुंकायला लागतात. राखणीच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं, तसं. अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणजे स्वतःवर उलटलेले आजार म्हणतात.

हल्ला आतड्यावर झाला तर त्याला सिलिॲक आजार म्हणतात. त्यात जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं, गोळ्या घेऊनही न भरणारं रक्त, मुलांची वाढ खुंटणं असं दिसतं. हल्ला लहान मेंदूवर झाला तर त्याला ग्लुटेन अटॅक्सिया म्हणतात. यात फसगत अशी की पुष्कळ जणांना पोटाची काहीच तक्रार नसते. तात्यांनाही नव्हती. पोट साफ, जेवण व्यवस्थित. मग जेवणाचा संशय येणार कुणाला?

लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या पेशी असतात. तोल सांभाळण्याचं मुख्य काम त्यांचं. या आजारात त्या मरत जातात. मेलेली पेशी परत उगवत नाही. कांद्याचं रोप मेलं तर आपण दुसरं लावतो, इथं नांगी भरायची सोय नाही. म्हणून या आजारात उशीर महाग पडतो.

हे कुणी शोधलं?

गव्हाचा आणि पोटाचा संबंध आधी लक्षात आला. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना १९३० च्या दशकापासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळं तिकडं भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना. सगळी मुलं खंगत होती, पण सिलिॲकची मुलं मात्र त्या काळात सुधारली. पुन्हा पाव मिळायला लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेंनी आपल्या प्रबंधात हे मांडलं.

मेंदूच्या संबंधाचं मोठं काम झालं ते इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात. तिथले मेंदूविकार तज्ज्ञ डॉ. मारिओस हाजीवासिलिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. ज्यांच्या मेंदू-नसांच्या आजाराचं कारण सापडत नव्हतं अशा ५३ रुग्णांचं रक्त त्यांनी तपासलं. त्यातल्या ५७ टक्के लोकांत ग्लायडिनविरोधी अँटिबॉडी निघाल्या. ज्यांच्या आजाराचं कारण आधीच माहीत होतं, त्यांच्यात हे प्रमाण फक्त ५ टक्के होतं. पुढं २००८ मध्ये याच गटानं टीजी-६ नावाच्या घटकाविरुद्धची अँटिबॉडी दाखवली, जी मेंदूच्या आजाराशी जास्त जवळून जोडलेली आहे. ही तपासणी मात्र अजून मोजक्या संशोधन प्रयोगशाळांतच होते, आपल्या तालुक्यात कुणी "टीजी-६ करून देतो" म्हटलं तर आधी चौकशी करा.

पथ्यानं फरक पडतो का, हेही त्यांनी तपासलं. २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ग्लुटेन अटॅक्सियाचे ४३ रुग्ण होते. २६ जणांनी कडक पथ्य पाळलं, १४ जणांनी पथ्याला नकार दिला. एका वर्षानं तोल आणि हालचालींच्या चाचण्यांत पथ्य पाळणाऱ्यांमध्ये सुधारणा दिसली. उरलेल्या तिघांनी पथ्य पाळूनही रक्तातल्या अँटिबॉडी गेल्या नव्हत्या, म्हणून त्यांना बाजूला ठेवलं होतं. हे तिघे लक्षात ठेवा, पुढं गिरणीच्या गोष्टीत त्यांची आठवण येईल.

अँटिबॉडी सापडली म्हणजे आजार झाला असं नाही

१९९६ च्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो व्हॉट्सॲपवाले सांगत नाहीत. रक्तदान करणाऱ्या धडधाकट माणसांचंही रक्त तपासलं होतं. त्यांच्यातही १२ टक्के लोकांत ग्लायडिनविरोधी अँटिबॉडी होत्या. म्हणजे आठ-नऊ निरोगी माणसांमागं एक. त्यांना चक्कर नाही, झोक नाही, काही नाही.

अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर ज्यांचा अटॅक्सिया घराण्यातून आलेला आहे, अशांतही या अँटिबॉडी बऱ्यापैकी सापडल्या. त्यामुळं जगातल्या सगळ्या तज्ज्ञांचं यावर शंभर टक्के एकमत झालेलं नाही. काहींच्या मते अशी माणसं खूप आहेत, काहींच्या मते थोडी.

आपण यातून काय घ्यायचं? एवढंच की रक्ताच्या एका कागदावरून आपण स्वतः निकाल लावायचा नाही. मेंदूविकार तज्ज्ञ बाकीची कारणं बाजूला काढतो, एमआरआय बघतो, घराण्याचा इतिहास विचारतो, मग रक्ताचा कागद त्यात बसवतो.

आपल्याकडं हा प्रश्न कितपत?

ग्लुटेन अटॅक्सिया हा दुर्मिळ आजार आहे. पण सिलिॲक आजार भारतात तितका दुर्मिळ नाही. २०१६ मध्ये छापलेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागातल्या २३ हजारांहून जास्त प्रौढ लोकांची तपासणी झाली. उत्तरेत सिलिॲकचं प्रमाण शंभरात एकाहून थोडं जास्त निघालं, दक्षिणेत हजारात एक. आजाराला लागणारं अनुवांशिक बी मात्र तिन्ही भागांत साधारण सारखंच होतं. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत फक्त २५ ग्रॅम.

महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. पण आपलं ताट कसं बदललं ते आपण डोळ्यानं बघितलंय. मनमाड, नांदगाव, येवला, चांदवड हा मूळचा बाजरीचा पट्टा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पोळी सणाला आणि पाहुणा आला तर. आज रोज दोन वेळा पोळी, सकाळी टोस्ट-बिस्किट, संध्याकाळी वडापाव. उत्तरेतून रेल्वेनं येणाऱ्या गव्हाच्या थप्प्या तर आपल्या मनमाडच्या एफसीआय गोदामातच लागतात, तिथून तो पुढं जातो. या गव्हानं भूक भागवली, त्याचे उपकारच आहेत. पण ज्याच्या अंगात हा दोष आहे, त्याच्या ताटातही तो रोज आला, हेही खरं.

माझी चूक

आता तात्यांकडं परत येतो. लग्नातल्या त्या प्रकारानंतर मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मोबाईलवर एक मेसेज आला होता, "गहू सोडा, मेंदू वाचवा". त्यात ग्लुटेन आणि तोल जाण्याचा उल्लेख होता. मी पेपरवाला, चार गोष्टी वाचणारा माणूस, म्हणून माझं ऐकलं गेलं. मी म्हणालो, "तात्या, उद्यापासून पोळी बंद, भाकरी सुरू. बघा फरक पडतो का." तात्यांनी ऐकलं. दोन महिने गहू जवळपास बंद.

फरक पडला का, ते ना त्यांना सांगता आलं ना मला. शेवटी त्यांच्या मुलानं त्यांना नाशिकला मेंदूविकार तज्ज्ञांकडं नेलं, मीही सोबत होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "गहू बंद करायला कुणी सांगितलं?" मी खाली बघितलं.

ते म्हणाले ते सोप्या भाषेत सांगतो. रक्ततपासणीत अँटिबॉडी दिसायला माणूस गहू खात असला पाहिजे. गहू सोडला की हळूहळू त्या कमी होतात. मग आजार असूनही तपासणीत 'नाही' असं येऊ शकतं. चोर गावातून निघून गेल्यावर पंचनामा करण्यासारखं. आता तात्यांना पुन्हा रोज, एकापेक्षा जास्त वेळेला, निदान सहा आठवडे गहू खावा लागणार होता आणि त्यानंतर तपासणी होणार होती. माझ्या एका सल्ल्यामुळं साडेतीन महिने वाया गेले. ज्या आजारात गेलेली पेशी परत येत नाही, त्यात साडेतीन महिने.

तात्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. ते फक्त म्हणाले, "तू चांगल्यासाठीच सांगितलं होतं." ते जास्त लागलं.

म्हणून पहिला नियम : तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधी रक्त, मग पथ्य.

तपासण्या कोणत्या?

साधारणपणे डॉक्टर टीटीजी आयजीए ही तपासणी सांगतात. त्यासोबत एकूण आयजीए किती आहे तेही बघतात, कारण काही लोकांत ते जन्मतःच कमी असतं आणि मग टीटीजीचा निकाल फसवा येतो. अटॅक्सियात ग्लायडिनविरोधी अँटिबॉडीही तपासतात, कारण पोट धडधाकट असलेल्या रुग्णांत टीटीजी नॉर्मल येऊ शकते. गरज वाटली तर दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. त्याआधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि मेंदूचा एमआरआय.

सुरुवात मनमाडच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करता येते. तिथून चिठ्ठी घेऊन नाशिकला जिल्हा रुग्णालय, किंवा मुंबईला केईएम, जेजे, सायन, नायर यापैकी कुठंही मेंदूविकार विभागात दाखवता येतं. जाताना सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि रुग्णाच्या चालण्याचा मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

तात्यांची टीटीजी नॉर्मल आली. ग्लायडिनविरोधी अँटिबॉडी मात्र बऱ्याच जास्त होत्या. एमआरआयमध्ये लहान मेंदू थोडा आकसलेला होता. घराण्यात असं कुणाला नाही, दारू नाही, बी-१२ बरोबर. डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं सांगत नाही, पण ग्लुटेन अटॅक्सियाची शक्यता दिसते. एक वर्ष कडक पथ्य पाळा, सहा-सहा महिन्यांनी रक्त तपासू."

काय बंद, काय चालू?

बंद : पोळी, पुरणपोळी, खापराचे मांडे, रवा, मैदा, शेवया, लापशी, शिरा, पाव, टोस्ट, खारी, बिस्किट, नूडल्स, शंकरपाळे, बाजारातली मैद्याची मिठाई. जव आणि त्याचं सत्तू. बिअरही जवाचीच, तीही बंद.

फसवणारे पदार्थ हे बघा. खपली गहू आरोग्याला चांगला म्हणून महाग विकला जातो, पण तोही गहूच, त्यात ग्लुटेन आहे. कुरडयांचा चीक धुऊन काढलेला असला तरी तो गव्हाचाच, पथ्याला चालत नाही. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबीवर वाचा. ओट्स कारखान्यात गव्हासोबत मिसळलेले असू शकतात.

चालू : बाजरी, ज्वारी, तांदूळ, नाचणी, मका, राजगिरा, भगर, साबुदाणा, सगळ्या डाळी, बेसन, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मटण, भाज्या, फळं. थोडक्यात आपल्या आजीचं ताट, अधिक उपवासाचं सामान. शहरातल्या माणसाला यासाठी महागडी पाकिटं आणावी लागतात, आपल्याला नाही. पाकीट घ्यायचंच असेल तर त्यावर 'ग्लुटेन फ्री' छापलेलं बघा. भारतातल्या नियमानुसार तसं छापायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

एक जण मला म्हणाला, "मग मका कसा चालेल? ढेपवाल्याकडं मका ग्लुटेन नावाची पोती असतात." प्रश्न बरोबर आहे. जनावरांच्या खाद्यातलं ते मक्याचं प्रथिन आहे, नाव तेच पडलं. गव्हातल्या ग्लुटेनसारखा त्रास त्यानं होत नाही.

खरी अडचण गिरणीत

तात्यांनी पथ्य अगदी निष्ठेनं पाळलं. एकादशीसारखं. तरी सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर अँटिबॉडी जेमतेम खाली आलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "चोरून खाता का?" तात्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

घरी येऊन आम्ही सगळा दिवस डोळ्यांसमोर आणला. बाजरी घरची, भाजी घरची, हिंग बंद. मग काकूंनाच सुचलं. त्या म्हणाल्या, "दळण तर गिरणीतच जातं ना. आधी कुणाचा तरी गहू दळून होतो, मग त्यातच आपली बाजरी."

गावातल्या गिरणीत एक दळण झालं की दुसरं टाकतात. जात्यात, चाळणीत, खालच्या कापडी पिशवीत आधीचं पीठ राहतं. तुमच्या-माझ्यासाठी त्याचं काही नाही. पण या आजारात तेवढं पीठही रोज पोटात गेलं तर राखणदार शांत होत नाहीत. गिरणीवाल्याचा यात काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलानं छोटी घरघंटी घेतली, ती फक्त बाजरी-ज्वारी-तांदळाला. ती घेणं जमत नसेल तर घरातलं जुनं जातं, ज्यावर गहू दळत नाहीत, तेही चालतं. तात्यांचा तवा, परात, पोळपाट, डबे वेगळे केले. भाकरी थापताना गव्हाचं पीठ लावायचं नाही. पोळ्या तळलेल्या किंवा भजी-पुऱ्या काढलेल्या तेलात त्यांचं काही तळायचं नाही. पुढच्या तपासणीत अँटिबॉडी बऱ्याच खाली आल्या.

लग्न, प्रसाद आणि रेशन

पथ्य मोडतं ते घरात नाही, बाहेर. सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवला तर नाही कसं म्हणायचं? तात्यांनी मार्ग काढला. प्रसाद कपाळाला लावतात आणि नातवाच्या हातावर ठेवतात. देवाला चालतं, असं ते म्हणतात. लग्नाला जाताना भाकरी फडक्यात बांधून नेतात, वरण-भात तिथला घेतात. "थोडंसं खा, काय होतं" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना एवढंच सांगायचं की यात 'थोडंसं' असं काही नसतं.

रेशनवर आपल्याला गहू आणि तांदूळ मिळतो. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ पासून गहू-तांदळासोबत भरड धान्याचाही उल्लेख आहे, आणि आपल्याकडं अधूनमधून ज्वारी-मका रेशनवर येतो. पथ्यावरच्या माणसानं रेशनचा तांदूळ घ्यावा, गहू घरातल्या बाकीच्यांनी खावा. भरड धान्य कधी येणार, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारायला हरकत नाही.

चालण्यात कायमचा दोष राहिला आणि तपासणीत तो ४० टक्के किंवा जास्त ठरला तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

किती बरं होतं?

खरं ते सांगतो. पथ्य म्हणजे जादू नाही. आजार लवकर सापडला तर सुधारणा जास्त होते. उशीर झाला असेल तर निदान पुढचा बिघाड थांबण्याची आशा असते. फरक कळायला वर्षभर तरी लागतं. पथ्यानं भागलं नाही तर डॉक्टर दुसरी औषधं विचारात घेतात. सोबत तोलाचे व्यायाम रोज करावे लागतात. "एकवीस दिवसात मेंदू नवा" असं म्हणून पुड्या विकणाऱ्याच्या नादी लागू नका.

तात्या आज काठी घेऊन चालतात. पूर्वीसारखं बांधावरून झपझप जाणं राहिलं नाही. पण वर्षभरात ते पडलेले नाहीत. बँकेनं सहीचा नवा नमुना घेतला. गेल्या महिन्यात ते पारावर येऊन बसले. कुणी काही बोललं नाही. एकानं सरकून जागा दिली.

एवढं लक्षात ठेवा

- कुणाचा तोल जात असेल, जीभ जड पडत असेल तर आधी दारूचा संशय घेऊ नका, आधी डॉक्टर गाठा.
- त्रास अचानक झाला असेल तर १०८, वाट बघायची नाही.
- तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. सोडला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.
- अँटिबॉडी सापडल्या म्हणजे आजार पक्का असं नाही, आणि एक तपासणी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असंही नाही.
- पथ्य ठरलं तर पूर्ण पाळा. गिरणी, हिंग, खपली, तळणीचं तेल याकडं लक्ष ठेवा.
- एकाला सिलिॲक निघाला तर भाऊ, बहीण, मुलं यांची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. रक्ताच्या नात्यात शक्यता जास्त असते.
- बाकीच्यांनी उगाच गहू सोडण्याची गरज नाही.

तुमच्या गावातही एखादा माणूस असेल, ज्याला सगळे पिणारा म्हणतात आणि तो म्हणतो की मी पीत नाही. एकदा त्याच्या घरी जाऊन बसा. सल्ला देऊ नका, मी दिला तसा. फक्त म्हणा, "चला, दवाखान्यात मी येतो सोबत."